तणस खाणारी सायकल

सदर बाजार, जबलपूर
१२ सप्टेंबर १९४३

तीर्थरूप सरोजताईस,

अच्युतचा नमस्कार. तुझं पत्र आधी खमरियाला फॅक्टरीत गेलं, तिथून घरी, अन् घरून आईनं ते पदराला बांधून मला इथं सदरमधे आणून दिलं. यावरून तुला समजलंच असेल. मी फॅक्टरी सोडली म्हण, की फॅक्टरीनं मला सोडलं म्हण, दोन्ही खरं आहे. दिवसभर एकच पितळी टोपण कानशीनं घासायचं. ते कोणत्या तोफेला लागते विचारलं तर जमादार म्हणे, तुला काय करायचं. मजा यायची ती फक्त आधीच्या पाळीच्या सुटीचा भोंगा झाल्यावर. फाटकातून सायकलीच सायकली, घंट्या वाजवत, सगळा रस्ता भरून. मी ते पाहत उभा राहायचो अन् माझ्या पाळीचा भोंगा होऊन जायचा. असं बरेचदा झालं. मग हजेरीतून नाव गेलं.

आता श्यामसुंदर भैयाच्या सायकल दुकानात काम करून राहिलो. इथं रोज नवी सायकल, नवा माणूस, नवी गोष्ट. कालच एक गोरा सोल्जर आला, त्याच्या सायकलच्या टोपलीत कोंबडी, अन् कोंबडीच्या गळ्यात... जाऊ दे, ते नंतर.

तुझं पत्र वाचलं अन् त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. डुंगरटोला वस्तीतली ती सुकरती. मागच्या वर्षी तिच्या बाळंतपणाचा निरोप आला तेव्हा तू बरगीच्या दवाखान्यातून दोन नाले तुडवत पायी गेलीस, अन् पोचलीस तेव्हा बाळ गेलेलं होतं. अन् तिची सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "बाईजी, तुम तो रोने के टाइम आती हो." आता सुकरतीला पुन्हा दिवस गेलेत, डिसेंबरात होईल, अन् सासू म्हणते यंदा बाईजीला सांगायचंच नाही. तू लिहिलंस की डुंगरटोल्यानं नाही बोलावलं तर बाकीचे टोलेही बोलावणार नाहीत, मग दवाखान्याच्या ओसरीत बसून मी पट्ट्याच गुंडाळत राहीन.

हे वाचून मी दुकानातल्या सायकलींकडे पाहिलं. ताई, तू सायकल शीक.

हसू नको. मी बनवून देतो. फौजेच्या मोडक्या सायकली इथं भंगारात येतात. एकीची चौकट घेतो, दुसरीची चाकं, तिसरीचं सीट. पगाराऐवजी भैयाला तेच मागतो.

तुझा
अच्युत


बरगी
२० सप्टेंबर १९४३

चि. अच्युत यास आशीर्वाद.

नोकरीबद्दल मी काही बोलत नाही. आई बोललीच असेल.

सायकलचं वाचून मी खूप हसले. मग आमचे कंपाउंडर बापू आहेत ना, त्यांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. ते म्हणाले की बरगीत सायकली दोनच, एक स्टेशनमास्तरची अन् एक पोस्टमनची, अन् दोघांच्याही येण्यावाचून कोणाचा जीव अडला नाही.

पण मला एक सांग, मी बसू कशी? फौजेची सायकल म्हणजे मधे दांडा असणार. माझं नर्सचं पांढरं पातळ, गोल नेसायचं. पाय टाकायला गेले तर एक तर पातळ फाटेल, नाही तर मी. अन् रस्त्यात सुकरतीची सासू भेटली की झालंच. ती म्हातारी हसत नाही रे. गेल्या वर्षीपासून कोणी तिला हसताना पाहिलेलं नाही.

हे पत्र नाही म्हणण्यासाठी लिहायला घेतलं होतं. मधे दोन दिवस गेले. काल हिवतापाचं कोयनेल वाटायच्या निमित्तानं मी डुंगरटोल्याला जाऊन आले. सासू पाठ करून उखळात कोदो सडत बसली. निघाले तर सुकरती घागर घेऊन माझ्यामागे नाल्यापर्यंत आली. पाण्यात घागर बुडवली अन् वर न पाहता म्हणाली, "बाईजी, इस बार जल्दी आना."

पाठव सायकल. दांड्याचं काय करायचं ते तू शोधून काढ.

सरोज


सदर बाजार, जबलपूर
१८ ऑक्टोबर १९४३

तीर्थरूप ताईस नमस्कार.

सायकल आज छोट्या लाईनच्या गाडीत चढवली. स्टेशनवरून उतरवून घे. दसऱ्याला दुकानात सगळ्या अवजारांसोबत तिचीही पूजा झाली, म्हणून हँडलला झेंडू दिसतील. सायकलची घंटी कुठं मिळाली नाही, तर सदरच्या एका टांगेवाल्याची जुनी पितळी घंटी लावली. एकदम भारी वाजते. एवढी की भैया म्हणाला, यह तो मंदिर जा रही है क्या.

दांड्याचं मी आईला विचारलं. मला वाटलं ती चिडेल. तू नर्सिंगला गेल्यापासून गोल नेसायला लागलीस त्याचा तिला अजून राग आहे, हे तुला माहीतच आहे. तर ती उठून पेटी उघडता उघडता म्हणाली, नऊवारी नेसून मी चिंचेवर चढत होते, कासोटा मारला की दांडा काय अन् घोडा काय. तिचं हिरवं लुगडं सायकलच्या कॅरिअरला बांधून पाठवलं आहे. तिनं स्वतः बांधलं. स्टेशनपर्यंत आली सोबत. गाडी सुटल्यावर म्हणाली, आता म्हणावं नेस गोल.

आता शिकायचं कसं ते नीट लिहितो, कारण मला तिथं येता येत नाही, भैया सुटी देत नाही.

आधी हलक्या उतारावर ने. डावा पाय पायडलवर ठेव अन् उजव्यानं जमीन ढकल, लंगडी खेळल्यासारखी. हे येईपर्यंत सीटचं नाव काढायचं नाही. तोल आला की उजवा पाय मागून पलीकडे. खाली चाकाकडे बघायचं नाही. लांब बघायचं. जिकडे बघशील तिकडेच ती जाते, म्हणून विहिरीकडे बघू नको. अन् पायडल मारतच राहायचं, थांबलीस की पडशील. आता उतरायचं कसं, गाडी थांबवायची कशी, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते नीट वाच.

पण त्याआधी ट्यूबचं सांगून टाकतो, नाही तर विसरेन. नवी ट्यूब जबलपुरात कुठंच नाही. मलायाचं सगळं रबर जपान्याकडे गेलं, अन् उरलं ते फौजेला. तुझ्या ट्यूबा जुन्या आहेत, ठिगळांच्या. काटा घुसला तर ठिगळं अन् सोल्युशन थैलीत आहे. यावरून आठवलं. महाराजपूरचे नीलकंठराव म्हणून फिटर आहेत. त्यांची ट्यूब फाटली अन् दुसरी मिळेना. तर त्यांनी काय केलं, मळणीतून उरलेलं धानाचं तणस ओलं केलं, त्याचा मनगटाएवढा दोर वळला अन् टायरमधे गच्च कोंबला. महिनाभर त्यावर कामाला आले. ते म्हणत, वळताना पीळ ढिला राहिला तर चाक उड्या मारते, एवढंच. एक दिवस फाटकाशी एका गाडीचा बैल त्यांचं टायर चाटायला लागला, तर नीलकंठराव त्याला म्हणतात, सरक बाबा, हे तणस आधीच एका बैलाचं आहे, माझं. आम्ही इतके हसलो ताई, की पाळीचा जमादार पण हसला, अन् तो तर...

भैया ओरडून राहिला, गाडी लागली आहे. बाकी सगळं लिहिलंच आहे. शिकून घे पटकन.

तुझा
अच्युत


मंडला
१० नोव्हेंबर १९४३

ताई,

हे कार्ड मंडल्याहून टाकतो. एका लॉरीचा क्लीनर पळाला, ड्रायव्हर दुकानासमोर हवालदिल उभा होता, तर मी म्हटलं चलो. चार दिवसांत परत जाईन.

तुझं पत्र नाही. आईलाही नाही. मला वाटून राहिलं की गाव हसलं असेल अन् तू सायकल गोठ्यात लावून दिली असशील. काहून उगाच तुला नादी लावलं असं झालं आहे. नसेल जमत तर राहू दे. सुकरतीसाठी बैलगाडी पाहू. रागावली असशील तर रागाचंच लिही, पण लिही.

अच्युत


बरगी
१६ नोव्हेंबर १९४३

चि. अच्युत यास आशीर्वाद.

रागावले नव्हते. उजवा हात गळ्यात बांधलेला होता. आता लिहिता येतं.

तुझ्या पत्राप्रमाणे सगळं केलं. आईचं लुगडं नेसले. खरं सांगू, नेसल्याबरोबर पाय मोकळे झाले. इतकी वर्षं पातळाच्या निऱ्या सावरत नाले ओलांडले, आता उगाच वाटतं. दवाखान्यामागच्या उतारावर रोज लंगडी घातली. बापू सीट धरून मागे पळायचे अन् दम लागला की म्हणायचे, बाई, माझं पेन्शन जवळ आलं आहे. आठवड्यात तोल आला. पाय पलीकडे गेला. अच्युत, ती जी पहिली फेरी झाली ना, मुरमाच्या रस्त्यानं, दोन्हीकडे धानाची शेतं अन् कानात वारा. मी तुझ्यासारख्या भटक्या माणसाला काय सांगू. पण मला पहिल्यांदा समजलं तू फाटकाशी काय बघत उभा राहायचास.

अन् मग मला थांबायचं होतं.

मी सायकलवर बसल्या बसल्या तुझं पत्र आठवलं. लंगडी आठवली, विहीर आठवली. थांबायचं कसं, तर त्याआधी ट्यूब. ट्यूबवरून नीलकंठराव. नीलकंठरावांवरून बैल. त्यापुढे सही. समोर मंगळवारचा बाजार. मी घंटी वाजवत मिठाच्या दुकानामागून मडक्यांच्या रांगेमधून गेले. एकही मडकं फुटलं नाही, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते. पुढे चाऱ्याची गाडी उभी होती. तिकडे बघायचं नाही म्हणून मी तिकडेच बघितलं.

चाऱ्यातून डोकं वर काढलं तर समोर कोण, सुकरतीची सासू. कोंबडी विकायला आली होती. हिरव्या लुगड्यातली मी, डोक्यात चारा, एक हात मुरगळलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, अन् तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते तिचे. मग सगळा बाजार हसला, पण मला फक्त तिचंच दिसलं.

कोंबडी काखेत मारून ती निघून गेली. पण परवा तिच्या मुलानं निरोप आणला की बाईजी का हाथ ठीक है क्या.

आता हात बरा आहे, रोज फेरी मारते. उतरायची वेळ आली की बापू आडवे उभे राहून सायकल धरतात. ब्रेक म्हणून काही असतं असं ते म्हणतात. माझ्या सायकलला दिसत नाही. डिसेंबर जवळ आला. थांबायचं कसं ते लिही, अन् मधे कोणतीही गोष्ट सांगू नको.

सरोज


सदर बाजार, जबलपूर
२१ नोव्हेंबर १९४३

ताई,

ब्रेक लावलेच नव्हते. ब्रेकचं रबर मिळालं नव्हतं, अन् ते मी तुला सांगणार होतो. भैयानं तुझं पत्र ऐकलं अन् माझ्या पाठीत पाना मारला. नंतर स्वतः बसला, एका फौजी बुटाचा तळ कापला, त्याच्या चामड्याचे ब्रेक केले. सोबत पार्सल आहे. बापूंना बसवता येतील, चार नट आहेत.

आता थांबायचं. पायडल बंद कर. मागचा ब्रेक हळू दाब. वेग मोडला की उजवा पाय मागून या बाजूला आण, डाव्या पायडलवर उभी राहा, अन् उजवा पाय जमिनीवर टेकव. संपलं.

गोष्ट सांगितली नाही. बघ.

अच्युत


बरगी
९ डिसेंबर १९४३

चि. अच्युत यास अनेक अनेक आशीर्वाद.

आईलाही हे वाचून दाखव, अन् तुझ्या भैयालाही.

काल दुपारी जेवायला बसत होते तर सुकरतीचा नवरा धावत आला. तुटक तुटक बोलत होता. पायाळू आहे एवढं मला समजलं, मुलाचे पाय आधी दिसत होते. मी विचारलं, तुला कोणी पाठवलं. तो म्हणाला, अम्मा ने. अम्मा ने कहा, घंटीवाली को बुलाओ.

मी पिशवी कॅरिअरला बांधली, कासोटा मारला अन् निघाले. त्याला म्हटलं तू मागून ये. पहिला नाला आटलेला होता, सायकल खांद्यावर घेऊन ओलांडला. त्यापुढे रस्ता असा उडत मागे जात होता की मला वाटलं आज कोणी अडवत नाही.

दुसऱ्या नाल्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, चांगला बोटभर लांब. थैली उघडली तर सोल्युशनची नळी वाळून दगड झालेली. ट्यूब बोटाएवढी फाटली होती. मी रस्त्यात बसले, अन् मला गेल्या वर्षीचं त्यांचं अंगण दिसायला लागलं. तिथून पायी निघाले असते तर पुन्हा त्याच वेळेला पोचले असते.

समोर खळं होतं. मळणी चालली होती, तणसाचा ढीग. अन् अच्युत, मला तुझे नीलकंठराव आठवले. त्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण पीळ ढिला राहिला तर चाक उड्या मारते, हे मला त्यांनीच कानात सांगितल्यासारखं आठवलं.

खळ्यावर बायका होत्या. मी सांगितलं, सुकरती अडली आहे, मला तणसाचा मनगटाएवढा दोर पाहिजे. कोणी काही विचारलं नाही. एकीनं घागर ओतली, दोघी पीळ द्यायला बसल्या, एक म्हातारी टाच लावून टायरमधे दोर कोंबायला लागली. दोर वळायचं काय मी त्यांना शिकवणार, त्या दिवसभर तेच करतात. पेंढ्या बांधून होईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चाक उभं राहिलं. मी बसले. ते थोडं उड्या मारत होतं, पण चालत होतं. मागून त्या सगळ्या बायका ओरडत होत्या, दौड़ाओ बाईजी.

टोल्याच्या चढावर मी घंटी धरली ती सोडलीच नाही. सुकरती नंतर म्हणाली, तिनं ती आतून ऐकली अन् तेव्हा तिनं आवळलेले दात सोडले. अंगण आलं. मी मागचा ब्रेक हळू दाबला, पाय मागून आणला, टेकवला. बरोबर दारात. सासू उंबऱ्यात उभी होती. तिनं सायकल माझ्या हातातून घेतली, तशीच धरून ठेवली, अन् म्हणाली, "जा, अंदर जा. अभी टाइम है."

टाइम होता. नाळ गळ्याभोवती होती, मूल निळं पडलेलं, पण मी तिथं होते. नाळ सोडवली, पाठीवर चापट मारली, तोंड साफ केलं, अन् ती रडली. मुलगी आहे. उन्हं अजून अंगणात होती. सासू बाहेर अजून सायकल धरूनच उभी. तिला वाटलं सोडली तर पडेल. मी बाळ तिच्याकडे दिलं, तर एका हातात बाळ अन् दुसऱ्या हातात हँडल.

इथं पोर जन्मताना जे घडतं त्यावरून नाव ठेवतात. कोणी बाजारच्या दिवशी झालं तर तसं, पूर आला तर तसं. हिचं नाव सासूनं तिथंच ठेवलं. घंटी.

तू म्हणशील मी गोष्टी सांगू नको म्हटलं होतं. माझं चुकलं. सगळ्या सांग.

सरोज


सदर बाजार, जबलपूर
१४ डिसेंबर १९४३

तीर्थरूप ताई,

तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. गिऱ्हाईकं थांबली. एक फौजी हवालदार पंप हातात धरून उभा राहिला, हवा भरायची विसरला. श्यामसुंदर भैया चष्मा पुसत होता, अन् तो चष्मा घालतच नाही. मग मी महाराजपूरला धावलो, नीलकंठरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मी तर फक्त पाळी चुकू नये म्हणून कोंबलं होतं.

आईनं पत्र हातात घेतलं, तिला वाचता येत नाही तरी. विचारलं, लुगडं फाटलं तर नाही? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, दुसरंही आहे म्हणावं माझ्याकडे.

अन् ऐक. भैया म्हणतो, बरगीच्या टोल्यांमधे दवाखान्याचं काम असेल तर भंगाराच्या चौकटी घेऊन जा. संक्रांतीला मी येतो. दोन सायकली आणतो, छोट्या लाईननं नाही, एक चालवत अन् एक बाजूला धरत. रस्त्यात भटकणार नाही. फार तर नर्मदेचा घाट पाहीन, कारण तिथं एक नावाडी आहे ना, त्याच्याबद्दल असं म्हणतात की...

येऊनच सांगतो.

अच्युत


बरगी
२४ जानेवारी १९४४

तीर्थरूप आईस,

सरोजचा साष्टांग नमस्कार. हे पत्र अच्युतकडून वाचून घेता यायचं नाही, कारण तो इथंच आहे अन् जायचं नाव काढत नाही. म्हणून शेजारच्या विभावरीकडून वाचून घे.

तो संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पोचला. आता एक सायकल बापूंकडे आहे. ते औषधं घेऊन टोल्याटोल्यात जातात अन् पेन्शनचं बोलत नाहीत. दुसरी खळ्यावरच्या त्या बायकांकडे आहे. त्यांच्यातली एक दाईचं काम करते, तिला मी शिकवते, बाळंतपणंही अन् सायकलही. मिठाचा भाव वाढला, घासलेट मिळालं, कोणाला ताप आला, सगळ्या बातम्या आता चाकांवर येतात. गेल्या महिन्यात मी बोलावल्याशिवाय एकाही टोल्यात गेले नाही, कारण बोलावणं रोजच येतं. तिकडे इराकात, बसऱ्याच्या फौजेत, तुझ्या जावयांना लिहून कळवलं तर त्यांचं उत्तर आलं की मी परत येईन तेव्हा मला कॅरिअरवर बसावं लागेल काय.

नवी ट्यूब अजून मिळालेली नाही. मागच्या चाकात तणसच आहे, आठ-पंधरा दिवसांनी बदलतो. पण तणस आणायला कुठं जावं लागत नाही. रोज सकाळी दवाखान्याचं दार उघडलं की सायकलपाशी एक-दोन पेंढ्या ठेवलेल्या असतात. वेगवेगळ्या टोल्यांच्या. त्यांना आम्ही समजावून सांगितलं की ही खात नाही. सुकरतीची सासू ऐकून घेते अन् म्हणते, "खाती नहीं तो पेट में काहे को रखती है?" यावर अच्युत पेंढी सोडून दोर वळायला बसतो.

काल तीच म्हातारी नातीला टोचून घ्यायला घेऊन आली होती, सुकरतीही सोबत. परत जाताना म्हणाली, मला बाजारापर्यंत सोड. मी पुढं दांड्यावर बसवलं. घंटी सुकरतीकडे राहिली, अन् पितळी घंटी म्हातारीनं हात पुढे करून स्वतः वाजवली, सगळ्या रस्त्याभर. निघताना पाहिलं तर तिच्या मांडीवर तणसाची एक लहानशी पेंढी होती. मी विचारलं, ही कशाला.

ती म्हणाली, "रास्ते में भूख लगी तो?"